तोरणमाळच्या तलावावर घोडे घेऊन मुक्काम करायचाय? तयारी अशी करा

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा झाली की आपल्या खान्देशात घोड्याचीच हवा असते. कोणी मारवाडी घेतला, कोणी काठेवाडी घोडी घेतली, ग्रुपवर व्हिडिओ फिरतात, आणि जानेवारी उजाडला की हमखास कोणीतरी विचारतो, भाऊ, घोडे घेऊन तोरणमाळला तलावावर दोन दिवस राहायला जाऊ का? जा ना, नक्की जा. आपल्याकडे तापीकाठ आहे, सातपुडा आहे, घोडे आहेत, घोड्याला जीव लावणारी माणसं आहेत, आणि तरी घोडा बऱ्याच ठिकाणी फक्त वरातीत नाचतो नाहीतर खुंट्याला उभा राहतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ही ट्रिप घोड्याच्या हिशोबाने आखायची. किती चालायचं ते घोड्याची पाठ आणि खूर ठरवणार, मुक्काम कुठे ते पाणी ठरवणार, निघायचं कधी ते ऊन ठरवणार, आणि आपला तंबू, जेवण, फोटो हे सगळं त्याच्यानंतर.

आधी दिवस कोणते धरायचे ते बोलू. जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा आपल्याकडे सगळ्यात चांगला काळ, तलावात पाणी असतं, वाटा वाळलेल्या असतात, दुपारचं ऊन सोसवतं. पावसाळ्यात तोरणमाळ दिसायला स्वर्ग पण घाटात धुकं, निसरडं, आणि गोमाशा इतक्या की घोडा जागेवर उभा राहत नाही, शिवाय या चावणाऱ्या माश्यांमुळेच सर्राचा आजार एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो म्हणून पावसाळा आणि त्याच्या मागचा महिना दीड महिना सोडूनच द्या. मार्चनंतर ऊन तापतं, मोहाची फुलं वेचायला लोक झाडाखालचा पाला पेटवतात, जंगलात वणवे लागतात, तेव्हा घोडे घेऊन तिकडे मुक्काम नकोच. आणि महाशिवरात्रीला वर गोरखनाथांची मोठी यात्रा असते, घाटात गाड्यांची रांग आणि वर पाय ठेवायला जागा नाही, दर्शनाला जरूर जा पण घोडे घरी ठेवून जा.

थंडीचं मात्र नीट समजून घ्या. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, शहादा दोंडाईचात स्वेटर पुरतं तिथे वर रात्री दात वाजतात. आपल्या सपाटीवरच्या घोड्याला, त्यातून केस बारीक कापलेले असतील तर, वर झूल लागतेच. झूल घामट अंगावर टाकायची नाही, आधी घोडा कोरडा होऊ द्या, गवताच्या बोळ्याने नाहीतर गोणपाटाने पाठ आणि छाती चोळून काढा, मग टाका.

आता घोडा कोणता न्यायचा. इथे मी थोडं स्पष्ट बोलतो. यात्रेतून आत्ताच घेतलेला घोडा लगेच ट्रिपला नेऊ नका. त्याला तुमची ओळख नाही, तुम्हाला त्याच्या खोडी माहीत नाहीत, आणि यात्रेत शेकडो घोड्यांच्या शेजारी उभा राहून तो काय घेऊन आलाय ते पहिल्या दिवशी कळत नाही. नवीन घोडा घरी दोन तीन आठवडे बाकीच्या जनावरांपासून लांब बांधायचा, त्याची बादली वेगळी, तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) वेगळा, नाक वाहतंय का, गळ्याखाली गाठ येतेय का, ताप आहे का हे रोज बघायचं. नाचणारा वरातीचा घोडा पण डोंगरवाटेला चालतोच असं नाही. तो बँड आणि गर्दीला घाबरत नाही हे खरं, पण त्याला एका जागी पाय आपटायची सवय असते, दगडगोट्यांतून पाय बघून टाकायची नसते, आणि लग्नसराईत रात्र रात्र उभा राहिलेला असेल तर त्याला विश्रांतीच द्या. वाटेला हवा शांत, वयाने पक्का, पाय साफ असलेला घोडा. रवाल म्हणजे हिसके न देता सपाट चालणारी घोडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, बसणाऱ्याची कंबर वाचते. दिसायला राजबिंडा पण ट्रॅक्टर बघून उडणारा घोडा मालकाच्या दारातच शोभतो.

आपल्याकडे हौशी लोक नर घोडे खूप पाळतात, खच्ची करत नाहीत, त्यामुळे ग्रुपमध्ये तीन नर आणि एक घोडी असं गणित झालं आणि त्यात घोडी माजावर असली तर अख्खी रात्र खिंकाळणं आणि दोर तोडणं यातच जाते. म्हणून निघायच्या आधी सगळ्यांनी एकमेकांना विचारा कोण काय आणतंय. शक्यतो सगळ्या घोड्या नाहीतर सगळे ओळखीचे शांत नर, आणि घोडी माजावर असेल तर तिला घरीच ठेवा.

वजनाचा हिशोब कोणी करत नाही पण करायलाच पाहिजे. बसणारा माणूस अधिक खोगीर अधिक पिशव्या मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. आपल्याकडचा मध्यम मारवाडी घोडा ३५० ते ४०० किलोचा धरला तर ७० ते ८० किलो सगळं मिळून. खोगीरच आठ दहा किलोचं असतं. म्हणजे नव्वद किलोच्या दादाने मोठा भरदार घोडा बघावा नाहीतर या वेळी सामानाच्या गाडीची जबाबदारी घ्यावी, ते काम पण तेवढंच महत्त्वाचं आहे. डोंगरात चढउतार असल्याने हा आकडा मी अजून खालीच धरतो.

तयारी निदान सहा आठवडे आधी सुरू करा. खुंट्यावर उभा असलेला घोडा एकदम दिवसाला वीस किलोमीटर नेला तर त्याचे स्नायू आखडतात, पाठ लागते. पहिल्या आठवड्यात पाच सहा किलोमीटर नुसतं चालवा, शेतातल्या वाटेने, नाल्यातून, चढावरून, मग हळूहळू वाढवा आणि मध्ये मध्ये दुडकी. शेवटच्या दोन आठवड्यांत ज्या खोगिरावर आणि ज्या सामानासकट जायचंय त्याच्यासकट चालवा. आणि एक रात्र तापीकाठी नाहीतर गावच्या पाझर तलावावर मुक्काम करून बघाच. घरापासून दोन कोसावर घोडा दोराला रात्रभर शांत उभा राहतो का, अनोळखी पाणी पितो का, तंबूच्या फडफडीला घाबरतो का, हे सगळं तिथेच कळतं आणि काही बिनसलं तर घर जवळ असतं.

नाल ठोकायची तर निघायच्या आठ दहा दिवस आधी. आदल्या दिवशी नाल ठोकून निघू नका, एखादा खिळा आत लागलेला असला तर लंगडणं दोन तीन दिवसांनी दिसतं आणि तेव्हा तुम्ही घाटात असता. नालबंदाला सांगा डोंगराला जायचंय, नाल घट्ट बघ. वर कोणी नालबंद भेटेल या भरवशावर राहायचं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो पण टाळू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून घोड्याचं आरोग्य प्रमाणपत्र घ्या, गाडीतून नेताना लागतं. ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या, हा आजार घोड्याचा माणसाला पण होतो, त्याच्यावर लस नाही, आणि २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात तो कळवावाच लागणारा रोग आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घोड्याचं पण आणि तुमचं पण झालेलं असू द्या. तोरणमाळच्या आजूबाजूला सगळं वनखात्याचं जंगल आहे, त्यामुळे घोडे घेऊन येतोय, इतके जण आहोत, इथे मुक्काम करायचाय हे वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी जाऊन बोला आणि लेखी परवानगी घ्या, ते जी जागा सांगतील तीच जागा. वर गेल्यावर गावच्या पोलीस पाटलांना, सरपंचांना भेटा. तिथले पावरा, भिल्ल लोक साधे आणि मदतीला तयार असतात पण त्यांच्या शेतातून, त्यांच्या चराईच्या रानातून विचारल्याशिवाय घोडे घालायचे नाहीत. चारा, लाकूड, वाटाड्या जे काही लागेल ते त्यांच्याकडूनच घ्या आणि पैसे लगेच हातात द्या.

आता दाणापाणी, इथे जास्त वेळ घेतो कारण घोडा आजारी पडतो तो बहुतेक इथेच.

घोड्याचं पोट गाईबैलासारखं नाही. त्याला उलटी होत नाही, एकदा आत गेलं की गेलं, आणि खाणं अचानक बदललं की पोट धरतं. म्हणून नियम एकच, घरी जे खातो तेच वर न्यायचं. वर हिरवंगार गवत दिसतंय म्हणून पहिल्याच दिवशी पोटभर चरू द्यायचं नाही, पंधरा वीस मिनिटं हातात दोर धरून चारा आणि परत बांधा. वाळला चारा घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज सात किलोच्या आसपास, सांडलवंड धरून आठ नऊ किलो, तीन दिवसांसाठी घोड्यामागे पंचवीस किलो बांधून घ्या. चंदी, म्हणजे दाणा, जी रोजची असेल तीच, भिजवलेला हरभरा असो, जव असो की गव्हाचा कोंडा, दोन ऐवजी तीन वेळा थोडी थोडी करून. ज्या दिवशी नुसती विश्रांती आहे त्या दिवशी चंदी निम्मी करा. मीठ रोज द्या, साधारण २५ ते ३० ग्रॅम, घाम गेला असेल तर थोडं जास्त.

आपल्या भागात मका भरपूर, त्यामुळे हे खास सांगतो. बुरशी आलेला मका घोड्याला कधीच, अगदी मूठभर सुद्धा देऊ नका. मक्याच्या बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूवर जातं आणि मग त्याच्यावर उपाय नाही. वरून चांगला दिसणारा मका पण पावसात भिजलेल्या ढिगातला असेल तर सोडून द्या. कोंबड्यांचं खाद्य असलेल्या गोणीतून घोड्याचा दाणा नेऊ नका, कोंबडीच्या आणि काही ठिकाणी गाईम्हशींच्या खाद्यात जी औषधं मिसळतात, मोनेन्सिन वगैरे, ती घोड्याच्या हृदयाला घातक आहेत. कोवळी ज्वारी, कापणीनंतर फुटलेला फुटवा यांत विष असतं, त्यात तोंड घालू देऊ नका, पूर्ण वाळलेला कडबा वेगळा. कपाशीच्या शेताच्या बांधावर बांधू नका, फवारणी कधी झाली ते आपल्याला माहीत नसतं. आणि कण्हेर. हायवेच्या दुभाजकात, देवळाच्या आवारात, बंगल्याच्या कुंपणाला सगळीकडे कण्हेर लावलेली असते, फुलं सुंदर, पण थोडी पानं पोटात गेली तरी घोडा मरतो, वाळलेली पानं पण तितकीच विषारी. वाटेत चहाला थांबलात आणि घोडा कुंपणाला बांधला तर कुंपण कशाचं आहे ते बघून बांधा.

पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हात चालला तर त्याच्यापेक्षा जास्त. काही घोडे अनोळखी पाण्याला तोंड लावत नाहीत, त्यांच्यासाठी घरीच आठवडाभर आधीपासून बादलीत गुळाचा छोटा खडा टाकून द्यायला लागा, वर गेल्यावर तोच गूळ टाकला की पाणी घरचं वाटतं. बादली प्रत्येक घोड्याची वेगळी, नाव लिहून ठेवा, सगळ्यांना एकाच टपात पाजणं म्हणजे रोग वाटणं. घामेजलेल्या घोड्याला पाणी देऊ नये असं जुने लोक म्हणतात, पण तहानलेला ठेवणं जास्त वाईट, थोडं थोडं करून दर पाच दहा मिनिटांनी पाजा आणि मधल्या वेळात चालवत राहा. चंदी मात्र काम संपल्यावर तास दीड तास थांबून, अंग थंड झाल्यावर. आमच्याकडे एक म्हातारे मोतद्दार (घोडे सांभाळणारे) होते ते पोरांना ओरडायचे, पहिले घोडाले पानी, मंग तुमना चहा, आणि तंबू ठोकायच्या आधी सगळ्या बादल्या भरलेल्या दिसल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

जायचं कसं? शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत घाट चढून रस्ता वर जातो. सगळंच घोड्यावर करायची हौस असते पण माझा सल्ला, राणीपूरच्या आसपास पायथ्यापर्यंत घोडे गाडीत न्या. एकतर हिवाळा म्हणजे आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम, शहाद्याच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, कित्येकांना मागे लाल दिवा नाही, अशा रस्त्यावर अंधारात घोडा म्हणजे जिवाशी खेळ. दुसरं म्हणजे डांबरावर लोखंडी नाल घसरते आणि सांध्यांना मार बसतो.

गाडीत चढवताना उंच बांध नाहीतर मातीचा ढीग बघून गाडी त्याला मागून लावा, फळीच्या उतारावर घोडा बिचकतो. खाली रबरी मॅट नाहीतर ओली वाळू आणि वर पाचट, म्हणजे पाय सरकत नाही. मध्ये आडवा बांबू, दोन घोडे एकमेकांना चावणार नाहीत एवढं अंतर, डोकं बांधायचं पण मान खाली घालता येईल इतका दोर सैल, नाहीतर धूळ छातीत जाते. दर तीन चार तासांनी थांबून पाणी. ड्रायव्हरला स्पष्ट सांगा, ब्रेक हळू मारायचा, वळणावर हळू. ज्याने कधी जनावर नेलं नाही असा ड्रायव्हर घेऊ नका, दोनशे रुपये वाचतील आणि घोड्याचा गुडघा फुटेल.

पायथ्याला पोचल्यावर घोडा उतरवून अर्धा तास नुसता हाताने चालवा, पाय मोकळे होऊ द्या, पाणी दाखवा. मग खोगीर. आधी पाठीवर तळहात फिरवा, उलट केसांवरून, कुठे खपली, गाठ, गोखरू चिकटलेलं आहे का. नमद्याच्या, म्हणजे खोगिराखालच्या जाड गादीच्या, खालून पण हात घाला. एकदा का एखादी काडी नमद्यात राहिली आणि तिच्यावर सत्तर किलो वजन दोन तास घासलं की तिथे रुपयाएवढी जखम होते आणि ती बरी व्हायला तीन आठवडे. नमदा टाकताना थोडा पुढे टाकून मागे ओढायचा म्हणजे केस सरळ बसतात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना दोन बोटं जातील एवढा ठेवा, आणि दहा पंधरा मिनिटं चालल्यावर परत बघा, बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवतात आणि नंतर खोगीर फिरतं.

पहाटे उजाडल्यावर लगेच घाट सुरू करा. रस्त्याच्या कडेच्या मातीच्या पट्ट्यावरून, एकामागे एक, दोन घोड्यांत एका घोड्याची जागा सोडून. घोड्याची सरळ चाल तासाला सहा किलोमीटर, चढावर त्याच्यापेक्षा कमी, आणि नवख्या लोकांनी दिवसाला पंधरा वीस किलोमीटरच्या वर जाऊच नये. सगळ्यात हळू घोडा पुढे, सगळ्यात अनुभवी माणूस मागे. चढाला आपण पुढे झुकायचं आणि वजन रिकिबीत (पाय ठेवायच्या कड्यात) घ्यायचं, तीव्र उताराला घोड्यावरून उतरून दोर धरून चालायचं. दर तासाला दहा मिनिटं उतरा, तंग सैल करा, चारही खूर उचलून बघा. बाभळीचा काटा आणि दोन दगडांत अडकलेली गोटी या दोन गोष्टी सातपुड्यात नेहमीच्या, खूर साफ करायचा हुक खिशातच ठेवा, सामानात नाही. खुराच्या मधला मऊ त्रिकोणी भाग आहे ना, त्याच्या दोन्ही बाजूच्या खाचांत नीट बघा, काटा मोडून आत राहिलेला असतो, वरून फक्त काळा ठिपका दिसतो.

घोडा दमलाय का हे तोंडावरून नाही, नाडीवरून कळतं. जबड्याच्या खालच्या हाडावरून एक दोरीसारखी शीर जाते तिच्यावर बोट ठेवा. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. चालून आल्यावर वाढणारच, पण वीस मिनिटं सावलीत उभा केल्यावर नाडी साठच्या खाली आली पाहिजे. नाही आली तर त्या दिवशी पुढे जायचं नाही, प्लॅन काहीही असो.

वर गेल्यावर यशवंत तलाव. मोठं पाणी, भोवती डोंगर, सकाळी वाफ निघत असते, ते बघून सगळा शीण जातो. पण घोडा सरळ पाण्यात घालू नका. तलावाच्या कडेला गाळ असतो, वरून वाळलेला दिसतो आणि घोड्याचा पाय गुडघ्यापर्यंत जातो, घाबरून उसळ्या मारल्या की पायाची शीर तुटते. बादलीने पाणी आणून पाजा. पाण्यावर हिरवी निळी साय आलेली दिसली तर ते पाणी पाजायचंच नाही, दुसरीकडून आणा. आणि तलावात घोडे धुवायचे नाहीत, पाणी गावाचं आहे. धुवायचं तर बादली भरून साठ सत्तर मीटर लांब नेऊन, साबण न लावता.

मुक्कामाची जागा पण तलावापासून निदान साठ मीटर लांब आणि थोडी उंचावर घ्या, पाण्याच्या काठाला थंडी जास्त साचते, आणि लांब राहिलं की लीद मूत पाण्यात जात नाही. जागा ठरवताना पहिले वर बघा. झाडाला, कड्याला आग्या मोहोळ आहे का ते. सातपुड्यात मोहोळं खूप आहेत, चुलीचा धूर गेला की माश्या उठतात, आणि बांधलेल्या घोड्याला पळता येत नाही. एवढ्या एका कारणासाठी चांगली सावलीची जागा सोडावी लागली तरी सोडा.

घोडे बांधायची माझी आवडती पद्धत म्हणजे दोन जाड झाडांमध्ये डोक्याच्या वर, सात आठ फुटांवर जाड दोर ताणून बांधायचा आणि त्याला प्रत्येक घोड्याचा दोर. झाडाच्या सालीला पोतं गुंडाळा म्हणजे साल कापली जात नाही. दोर एवढाच लांब ठेवा की तोंड जमिनीवरच्या चाऱ्यापर्यंत पोचेल पण पाय त्यात अडकणार नाही. गाठ नेहमी एका झटक्यात सुटणारी. दोन घोड्यांमध्ये दहा बारा फूट. अगाडी पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना बांधायचे दोर) लावायची तर ज्या घोड्याला घरी सवय आहे त्यालाच, नवख्या घोड्याला पिछाडी लावली तर तो स्वतःलाच जखम करून घेतो. लगामाने कधीच बांधू नका, मोहरकीनेच (तोंडात कडी नसलेल्या दोराच्या म्होरकीने) बांधा, बिचकून ओढलं तर लगामाने तोंड फाटतं.

दुसऱ्या दिवशी सामान न घेता हलकी फेरी करा. तलावाला वळसा, कमळ तलाव, गोरखनाथांचं मंदिर, सीताखाईच्या बाजूला जाऊन या. सीताखाईला मात्र घोडे लांब झाडाला बांधून एकाने त्यांच्याजवळ थांबायचं आणि बाकीच्यांनी पायी जायचं. दरी सरळ खोल आहे, कडेवर घोड्यावर बसून फोटो काढायचा मोह कितीही झाला तरी नाही. माकडाने फांदी हलवली, कोणाचा गमछा उडाला, एवढं पुरतं घोड्याला मागे सरकायला.

आपलं जेवण साधं ठेवा. कळण्याच्या पिठाची भाकरी, ठेचा, भरीत आणि पहिल्या रात्रीसाठी घरून आणलेली शेव आणि मसाला म्हणजे वर शेवभाजी, अजून काय पाहिजे. गॅसची छोटी शेगडी न्या, शेकोटी वनखात्याने परवानगी दिलेल्या जागीच, वारा घोड्यांकडे आणि चाऱ्याकडे जाणार नाही अशा बाजूला आणि झोपायच्या आधी पाणी ओतून हाताने राख चाचपून. दारू नको. मी हे धार्मिक कारणाने नाही म्हणत, रात्री दोन वाजता घोडा दोरात अडकला तर शुद्धीत असलेली दोन माणसं लागतात.

रात्री पाळी लावा, दोन दोन तासांची. शहादा तळोद्याकडे बिबट्या उसापर्यंत येतो, मग डोंगरात असणारच. मोठ्या घोड्यावर सहसा येत नाही पण शिंगरू बरोबर आणू नका आणि कुत्रं आणलं असेल तर तंबूत घ्या. सगळे घोडे एकाच दिशेला कान टवकारून बघायला लागले की टॉर्च मारा, आवाज करा. पाळीवाल्याने प्रत्येक घोड्याकडे बघायचं, लीद पडली का, चारा संपला का, झूल सरकली का. लीद पडणं ही रात्रीची सगळ्यात चांगली बातमी.

कारण घोड्याचा सगळ्यात मोठा शत्रू पोटदुखी. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडे बघतो, वरचा ओठ वर करतो, चारा सोडतो, बसतो उठतो, लोळतो, थंडीत पण घाम फुटतो. यातलं काहीही दिसलं की पहिलं समोरचं खाणं उचला. नाडी आणि ताप लिहून ठेवा, नॉर्मल ताप ९९ ते १०१.५ फॅरनहाइट. लोळत असेल तर हळूहळू चालवा, दमेपर्यंत पळवायचं नाही. आणि बाटलीने तेल, सोडा, काढा काहीच तोंडात ओतू नका, हे आपल्याकडे सर्रास करतात, ते फुफ्फुसात गेलं की पोटाचं राहतं बाजूला आणि घोडा न्यूमोनियाने जातो. डॉक्टरला फोन. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे, पण घाटात आणि वर रेंजचा भरवसा नसतो, म्हणून निघायच्या आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा, शहाद्यातल्या डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून घ्या, रेंज कुठे येते ती जागा पहिल्या संध्याकाळीच शोधून ठेवा आणि सामानाची गाडी वर उभी असू द्या, घोडा उतरवायला तीच लागणार. डॉक्टरांना विचारून त्यांनी दिलेली औषधं, डोस लिहून, बरोबर ठेवा. बाकी पेटीत थर्मामीटर, बेटाडीन, कापूस, रुंद पट्ट्या, कात्री, माश्यांचं औषध, जादा दोर आणि एक जादा मोहरकी.

माणसांचं एवढंच, डोक्याला हेल्मेट, फेटा घरच्या यात्रेला. पायात टाच असलेला बूट, चप्पल आणि जाड स्पोर्ट शूज रिकिबीत अडकतात. दोर हाताला गुंडाळून धरायचा नाही. घोड्याच्या मागून जाताना एकतर अंगाला हात लावत चिकटून जा नाहीतर पार लांबून. लहान मुलं आणली तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक मोठा माणूस वेगळा, त्याला दुसरं काम नाही.

निघताना लीद गोळा करून पसरवून टाका म्हणजे लवकर वाळते, उरलेला चारा कोणाच्या गोठ्यात देऊन टाका, खुरांनी उकरलेली जमीन पायाने सारखी करा, प्लास्टिक एक तुकडा ठेवू नका. पुढच्या ग्रुपला परवानगी मिळते की नाही हे तुम्ही जागा कशी सोडली यावर आहे.

घरी आल्यावर दोन दिवस पूर्ण विश्रांती, चंदी निम्मी, चारा पाणी भरपूर, खरारा सावकाश आणि रोज. पाठीवर खोगिराच्या जागी सूज आलीये का ते दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, लगेच दिसत नाही. घामाने सगळी पाठ ओली आणि मध्येच हाताएवढा कोरडा डाग ट्रिपमध्ये दिसला असेल तर तिथे खोगीर दाबतंय, पुढच्या वेळी जाण्याआधी खोगीर बदला किंवा कारागिराकडून भरून घ्या. चारही पाय हाताने चाचपा, एखादा गरम लागला तर थंड पाण्याची धार रोज पंधरा वीस मिनिटं आणि लंगडत असेल तर डॉक्टर. आठवडाभर ताप, नाक, खोकला बघत राहा, आणि तोपर्यंत तबेल्यातल्या बाकीच्या घोड्यांपासून त्याची बादली वेगळीच ठेवा.